नदीपलीकडचे देव

मडगावच्या माणसाला फोंड्यास जाणे हा प्रवास वाटत नाही. प्रवास म्हणजे पंढरपूर, प्रवास म्हणजे काशी. फार तर मुंबई. फोंड्याला जावयाचे तर माणूस घरात ‘जरा जाऊन येतो’ एवढेच सांगतो आणि पायांत वहाणा सरकवतो. वळकटी बांधावयाची नाही, गाडीचे वेळापत्रक पाहावयाचे नाही, शेजाऱ्याकडे किल्ली ठेवावयाची नाही. अंतर वीस किलोमीटरांच्या आत-बाहेर आणि बसला लागणारा वेळ फार झाला तर तासाभराचा. परंतु अंतर मैलांनी मोजावे तसे ते वर्षांनीही मोजता येते. आणि त्या मापाने मोजू गेल्यास गोमंतकात याहून लांबचा रस्ता सापडणे कठीण आहे. साडेचार शतकांपूर्वी आपले देव याच वाटेने गेले.

ही हकीकत आमच्या वाचकांपैकी पुष्कळांना आपल्या घराण्याच्या वृत्तान्ताइतकी परिचित आहे. तरीही ती एकदा ओळीने आठवावी. १५४३ साली साष्टी प्रांत पोर्तुगीजांच्या हाती गेला आणि पुढच्या पंचवीस वर्षांत, विशेषतः १५६६-६७ या काळात, तेथील देवळे जमीनदोस्त झाली. देव मात्र त्यापूर्वीच किंवा त्या धामधुमीतच हालविण्यात आले. कुशस्थळीचा मंगेश १५६० साली प्रियोळला आला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास आली, केळोशीची शांतादुर्गा कवळ्यास, लोटलीचा रामनाथ बांदिवड्यास, रायची कामाक्षी शिरोड्यास. आमच्या मडगावचा दामोदर दुसऱ्या दिशेने, कुशावतीच्या काठी, जांबावलीला गेला. कोणी पालखीतून, कोणी होडीतून, कोणी पूजकाच्या पदराखाली झाकून, अशा सांग्या घरोघर आहेत. त्यांतील तपशील निरनिराळे असतील. दिशा मात्र एकच आहे. नदी ओलांडली की देव वाचत होता.

आम्ही पाच मित्र मडगावच्या एकाच शाळेतले. एक वकील, एक शिक्षक, एक दुकानदार, एक बँकेतून निवृत्त झालेला आणि पाचवा भाई. भाईने आयुष्यभर सरकारी कचेरीत नोकरी केली. परंतु त्याचा खरा व्यवसाय विचाराल तर मित्रांच्या घरची कार्ये पार पाडणे हाच होय. मार्गशीर्षातील एका सोमवारी पाचांनी मिळून फोंड्याला जावयाचे आणि तेही बसने, हा आमचा जुना परिपाठ आहे. आज पाचांपैकी तिघांच्या दारात मोटार उभी असते. मुले म्हणतात, ‘बाबा, या वयात बसमधले धक्के कशाला?’ त्यांना आम्ही उत्तर देत नाही. मोटारीत चौघे पुढे-मागे बसतात, एकजण गाडी हाकतो आणि प्रत्येकजण आपापल्या काचेतून बाहेर पाहतो. बसमध्ये आम्ही पुन्हा शाळेतले होतो.

यंदाच्या सोमवाराला मात्र एक निराळेच वजन होते. भाईची पत्नी तीन वर्षांपूर्वी निवर्तली. एकुलता एक मुलगा २०१५ सालापासून इंग्लंडात आहे. तो तेथे पोचला तो पोर्तुगीज पारपत्रावर. आणि त्याला ते मिळावे म्हणून आधी भाईच्या स्वतःच्या जन्माची नोंद लिस्बनमध्ये करावी लागली होती. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना ही वाट मोकळी आहे, आणि गेल्या काही वर्षांत हजारो गोमंतकीय कुटुंबे, ख्रिस्ती तशीच हिंदूही, त्या वाटेने गेली. ज्या राज्यामुळे रामनाथाला लोटली सोडावी लागली, त्याच राज्याच्या दप्तरात रामनाथाच्या कुळाव्याने आपले नाव घालावे, हा दैवाचा खेळ वकिलांनी पूर्वीच एकदा बोलून दाखविला होता. त्यावर भाई एवढेच म्हणाला होता, “पोट भरायला गेलेल्या पोराला इतिहास विचारायचा नसतो रे.”

आता मुलाने तेथे घर घेतले आहे आणि बापाने कायमचे आपल्यापाशी यावे असा त्याचा आग्रह आहे. जानेवारीत जावयाचे ठरले होते. परत केव्हा, हे भाईने सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही. त्याच्यापुढचा प्रश्न निराळाच होता. मडगावच्या घरातील देवघरात त्याच्या पणजोबांपासूनचे पंचायतन आहे, एक पितळी बाळकृष्ण आहे, अन्नपूर्णा आहे. घर बंद करावयाचे तर त्यांचे काय करावे? बरोबर न्यावे, तर समुद्रापार नेलेले चालेल काय? ठेवावे, तर दिवा कोण लावील? “रामनाथीला जाऊन देवाला कौल लावतो,” असे त्याने आदल्या दिवशी सांगितले होते. कपाळावर आठी न घालता तो हे बोलला. परंतु गेले पंधरा दिवस त्याला झोप नाही, हे आम्हांस ठाऊक होते.

सकाळी आठच्या सुमारास आम्ही मडगावच्या बसस्थानकावर जमलो. “फोंडें, फोंडें, बोरी, फोंडें!” असा पुकारा एका लहानशा बसच्या दारातून चालला होता. आम्ही चढलो. पाचांना सलग बसावयास मिळाले नाही. मास्तर आणि वकील पुढे, दुकानदार मध्ये एका कोळणीच्या रिकाम्या टोपलीशेजारी, आणि उरलेले दोघे मागच्या बाकावर. बस सुटताच कंडक्टरने चालकाच्या डोक्यावरील तसबिरींपुढे उदबत्ती फिरविली. त्या तसबिरींत शांतादुर्गा होती, साईबाबा होते आणि कोपऱ्यात एक लहानसा क्रूसही होता. गोव्यातील बस ही अशी सर्वांची असते.

मडगावची घरे मागे पडली की राय गाव लागते. येथेच कामाक्षीचे मूळ स्थान. याच गावातून एक फाटा राशोलकडे जातो. राशोलच्या दुर्गाने साष्टीतील देवळांचा विध्वंस पाहिला, आणि त्याच राशोलात १६१६ साली फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने आपले क्रिस्तपुराण छापले. ते लिहिले मराठीत, आणि बांधले ओवीत. देवळे पाडली त्याला तेव्हा पुरी पन्नास वर्षेही झाली नव्हती. ज्यांचे देव हाकलले, त्यांना नवा देव सांगण्यासाठी जुन्याच ओवीकडे यावे लागले. मास्तर दरवर्षी या फाट्यापाशी ही गोष्ट सांगतात आणि दरवर्षी आम्ही ती नव्याने ऐकतो. भाषा ही देवळासारखी पाडता येत नाही, असे त्यांचे भरतवाक्य असते.

पुढे रस्त्याच्या कडेला खाजने दिसू लागली. खाऱ्या पाण्याला बांध घालून, मानशीच्या दारांनी भरती-ओहोटी आवरून आपल्या पूर्वजांनी नदीच्या उरातून काढलेली ही शेते. भात केव्हाच कापून झाले होते आणि खुंटांवर बगळे उभे होते. मानशीची दारे भरतीच्या दाबाने आपोआप मिटतात आणि ओहोटीला आपोआप उघडतात. आतले गोडे पाणी बाहेर जाते, बाहेरचे खारे आत शिरत नाही. ही युक्ती पोर्तुगीज येण्याच्या पुष्कळ आधीची. गावकऱ्यांचे देव गेले तरी बांध राखावयास गावकरी मागे राहिलेच होते. सगळेच पळाले असते तर साष्टी पुन्हा नदीने गिळली असती. ज्यांनी धर्म बदलला, त्यांतील कित्येकांनी तो शेताच्या या बांधापायी बदलला असेल, हे विसरून त्यांचा न्याय करणे आम्हांस योग्य वाटत नाही.

आमच्या पुढच्या बाकावर एक वृद्ध ख्रिस्ती बाई बसली होती. मांडीवर मडगावच्या बाजारातील पिशवी, गळ्यात बारीक साखळीतला क्रूस. आमच्या गप्पा तिच्या कानी पडत असाव्यात. लोटली जवळ आली तशी ती मागे वळली आणि भाईला विचारती झाली, “खंय वतात तुमी?”

“रामनाथीक,” भाई म्हणाला.

“लोटलेचो न्हय तो देव? आमच्या गांवचो.” तिने पिशवी उचलली. “म्हजोय नमस्कार सांगात ताका.”

बस थांबली आणि ती उतरून गेली. भाई पुष्कळ वेळ खिडकीबाहेर पाहत राहिला. या गावात त्याच्या घराण्याची आता वीतभर जमीन नाही. जुन्या घराचा चौथारा कोठे होता, हे त्याच्या वडिलांनाही नीट सांगता येत नसे. तथापि कोठल्याही मंगलकार्यात घराण्याचे गाव विचारले की उत्तर ‘लोटली’ हेच येई. त्या बाईच्या घराण्याने देव बदलून गाव राखला. भाईच्या घराण्याने देव राखून गाव सोडला. आणि दोघेही रामनाथाला आपल्या गावचाच म्हणत होते.

लोटलीनंतर थोड्याच वेळात जुवारीचे पात्र येते. अघनाशिनी हे तिचे संस्कृत नाव, आणि नाव ठेवणाऱ्याने ते विचारपूर्वक ठेवले असावे असे बोरीच्या पुलावर प्रत्येक वेळी वाटते. पूर्वी येथे होडीखेरीज गत्यंतर नव्हते. नंतर पूल झाला. १९६१ च्या डिसेंबरात माघार घेणाऱ्या पोर्तुगीज सैन्याने तो उडविला आणि भारतीय सैनिक छातीएवढ्या पाण्यातून साष्टीच्या काठाला लागले. देव ज्या पाण्यावरून गेले, त्याच पाण्यातून चार शतकांनी मुक्ती उलट दिशेने आली, ही गोष्ट आम्हांस फार सूचक वाटते. पलीकडच्या काठावर बोरी, कविवर्य बा. भ. बोरकरांच्या घराण्याचे गाव. पुलावर बस असेतो आम्हां पाचांपैकी कोणी बोलत नाही. हा नियम कोणी घातलेला नाही. तो आपोआप पडला.

आणखी एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे, कारण ती सांगण्याचा आपल्याकडे कंटाळा केला जातो. देव नदीपलीकडे गेले तेव्हा ती पलीकडची भूमी कोणा हिंदू राजाची नव्हती. फोंडा तेव्हा विजापूरच्या आदिलशहाच्या ताब्यात होता. फोंड्यात आजही उभी असलेली साफा मशीद १५६० सालची, म्हणजे ज्या वर्षी मंगेश प्रियोळला आला त्याच वर्षीची. सुलतानाच्या राज्यात एकीकडे मशिदीचे तळे बांधले जात होते आणि हाकेच्या अंतरावर परागंदा देवांना आसरा मिळत होता. पुढे शिवाजी महाराजांनी १६७५ साली फोंड्याचा किल्ला घेतला. नंतर सोंद्याच्या राजांचा अंमल आला. १७६३ साली फोंडा पोर्तुगीजांकडे गेला, तेव्हा त्यांचा पूर्वीचा आवेश ओसरलेला होता. देव दोन शतके ज्याला चुकवीत होते, तो शेवटी त्यांच्या दारी आला. आणि देवळे उभीच राहिली. कारण तोवर ती केवळ लपण्याच्या जागा राहिल्या नव्हत्या.

फोंड्याला उतरून आम्ही प्रथम उपाहारगृहात शिरलो. पातळभाजी, पाव आणि मिरचीभजी, वर चहा. दुकानदारांनी पाव मोडता मोडता दरसालचा विनोद केला की, आपल्या खापरपणजोबांनी हा पाव पाहिला असता तर आपल्याला देवळाची पायरी चढू दिली नसती. ज्या पावाच्या स्पर्शाने एके काळी माणूस बाटत असे, तो खाऊन आज आपण अभिषेकाला जातो. धर्म टिकतो तो असा, काही सोडून आणि काही घट्ट धरून. काय सोडावे आणि काय धरावे, हे त्या त्या पिढीने ठरवावयाचे असते. भाईने अर्धाच पाव खाल्ला.

कवळ्याला शांतादुर्गेपुढे गर्दी होती. सध्याचे मंदिर १७३८ सालचे, साताऱ्याच्या शाहू महाराजांच्या कारकिर्दीत त्यांचे मंत्री नारोराम यांच्या पुढाकाराने उभे राहिलेले. म्हणजे देवी केळोशीहून आल्यावर पावणेदोनशे वर्षांनी तिला असे घर मिळाले. शिव आणि विष्णू यांच्या युद्धात मध्ये उभी राहून जिने दोघांस शांत केले, ती ही दुर्गा. अंत्रुज महालातील दीपस्तंभ, कौलारू छपरे, घुमट आणि तळी पाहून परप्रांतीय यात्रेकरू त्यांची छायाचित्रे घेतात. त्यांना हे वैभव दिसते. आम्हांस त्यामागचे ते पहिले गवताचे छप्पर दिसते, ज्याखाली निर्वासित देवीने पहिली रात्र काढली असेल.

तेथून रामनाथी जवळच आहे. सोमवार असल्याने अभिषेकाच्या पावत्यांसाठी रांग होती. भाई रांगेत उभा राहिला. आम्ही चौघे त्याच्या मागे. कौलाविषयी तो काही बोलला नाही. त्याची पाळी आली. कारकुनाने मान वर न करता विचारले, “नाव?”

भाईने नातवाचे नाव सांगितले. नातू पाच वर्षांचा आहे. त्याने गोवा अद्याप पाहिलेला नाही.

“गोत्र?”

भाईने गोत्र सांगितले.

“गाव?”

भाई थांबला. मागच्या माणसाने चुळबुळ केली. मुलगा इंग्लंडात, स्वतः मडगावचा, आणि पुढल्या महिन्यापासून तेही नाही. कारकुनाची लेखणी कागदावर टेकलेली होती.

“लोटली,” भाई म्हणाला.

कारकुनाने ते लिहिले, शिक्का मारला आणि पावती पुढे सरकवली. त्याच्या दृष्टीने त्यात नवल काहीच नव्हते. दिवसातून किती जण तेथे उभे राहून जी गावे आपण कधी पाहिली नाहीत त्यांची नावे सांगत असतील! त्या वहीत बेळगाव, कारवार, मुंबई, दुबई यांची नोंद फारशी सापडणार नाही. लोटली, राय, केळोशी, कुठ्ठाळी हीच सापडतील. ज्या गावांतून देव निघून गेले, त्यांची नावे देवांच्याच दप्तरात राहिली आहेत.

अभिषेक झाला. भाई गाभाऱ्यासमोर पुष्कळ वेळ हात जोडून होता. कौल लावावयाचा असेल तर गुरवाला सांगू काय, असे वकिलांनी हलकेच विचारले. भाईने मानेनेच नको म्हटले.

तेथून आम्ही नागेशीला गेलो. नागेश हा मुळचा अंत्रुजचाच. त्याला कोठून यावे लागले नाही. देवळाच्या आवारात १४१३ सालचा, विजयनगरच्या काळातील शिलालेख आहे. पोर्तुगीजांचे गलबत हिंदुस्थानच्या किनाऱ्याला लागण्यापूर्वी पंचाऐंशी वर्षे तो कोरला गेला. सभामंडपातील लाकडावर रामायणातील प्रसंग रंगविलेले आहेत, आणि समोरच्या तळीत मासे फिरत असतात. परगावाहून आलेल्या देवांना या स्थानिक देवाने जागा दिली, असे आम्हांस नेहमी वाटते. तळीच्या पायऱ्यांवर आम्ही बसलो. तेथे भाई बोलला.

“विचारायचं काय होतं? त्याला लोटलीहून उचललं तेव्हा कौल लावायला सवड तरी होती का? माणसांनी नेला, तो आला. मलाही नेत आहेत, मी जातो.” थोड्या वेळाने तो पुन्हा म्हणाला, “पण बघ ना, साडेचारशे वर्षं इथे राहून तो लोटलीचाच आहे. बसमधल्या त्या बाईलासुद्धा ठाऊक.”

मास्तर पाण्याकडे पाहत म्हणाले, “बाईंचा नमस्कार सांगितलास?”

“आधी तोच सांगितला,” भाई म्हणाला.

मग त्याने आपला निर्णय सांगितला. बाळकृष्ण तो बरोबर नेणार. रांगता देव आहे, लहान मुलाच्या घरात रमेल. अन्नपूर्णा सूनबाईला. पंचायतन मात्र येथेच राहील. “तुम्हां चौघांपैकी ज्याच्या देवघरात जागा असेल त्याने ते ठेवावं. एक तुळशीचं पान आणि दुर्वा रोज. नैवेद्य तुमचा जो असेल तोच चालेल.” क्षणभर कोणाच्याने बोलवले नाही. मग चौघेही एकदम ‘माझ्याकडे’ म्हणाले, आणि भाई त्या दिवशी प्रथमच हसला. शेवटी वकिलांनी तोड काढली की, पंचायतन वर्षभर एकेका घरी राहावे आणि दर मार्गशीर्षात पुढच्या घरी जावे. देवाला हालण्याची सवय आहे, असे ते म्हणाले. हा विनोद होता. परंतु त्यावर कोणी हसले नाही, कारण ते खरे होते.

आज पंचायतन मास्तरांच्या घरी आहे. भाई गेला. रविवारी सायंकाळी त्याचा दूरध्वनी येतो. दुर्वा मिळतात काय, मास्तरांची सांधेदुखी कशी आहे, एवढे विचारून तो नातवाला बोलावतो आणि ‘आपलं गाव कोणतं?’ असे विचारतो. मुलाचा उच्चार इंग्रजी वळणाचा आहे. परंतु गाव तो बरोबर सांगतो.

आपल्या वाचकांपैकी अनेकांची मुलेबाळे आज दूरदेशी आहेत. सुटीत ती चार दिवसांसाठी येतात, तेव्हा आपण त्यांना वातानुकूलित मोटारीतून एका सकाळी पाच देवळे दाखवितो आणि दर्शन झाले म्हणतो. आमची त्यांना एवढीच सूचना आहे की, एखादे वेळी मोटार घरी ठेवावी आणि मडगावहून फोंड्याची बस धरावी. मुलांना खिडकीपाशी बसवावे. राय आले की राय सांगावे, लोटली आली की लोटली सांगावी. कोणी गाववाला नमस्कार सांगेल तो नीट लक्षात ठेवावा. आणि बस बोरीच्या पुलावर आली म्हणजे नदी दिसेतो बोलणे थांबवावे.